यादी तिकडे, उधारी इकडे

"वहिनी, ऐकलं का? कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांनी अर्धं दुकान मोबाइल दुरुस्तीवाल्याला भाड्यानं दिलं."

"अगं बाई! दिवसभर गर्दी असते की तिथं!"

"गर्दी कशाची? दहाची कोथिंबीर, दुधाची पिशवी, पाव. महिन्याची यादी कोण टाकतं त्यांच्याकडे? तुमचं तेल, साखर, तूरडाळ कुठून येते सांगा बरं."

"ते जाऊ द्या हो काकू. या परदेशी कंपन्यांनीच वाटोळं केलं. आमचे हे तेव्हाच म्हणाले होते, वॉलमार्ट आलं की दुकानं बसलीच म्हणून समजा."

"तुमचे हे म्हणाले, ममता बॅनर्जीही म्हणाल्या. 2012 साली त्यांनी मनमोहन सिंगांच्या सरकारचा पाठिंबा काढला, त्यात हेही एक कारण होतं. पण झालं काय? किराणा-कपड्याच्या दुकानांत परदेशी कंपनीला 51 टक्के वाटा घ्यायची मुभा मिळाली, पण राज्य सरकारचा होकार हवा, तीस टक्के खरेदी लहान उद्योगांकडून हवी. अटी पाहून बहुतेकांनी लांबूनच नमस्कार केला. टेस्को तेवढी टाटांचा हात धरून आली. फ्रान्सची कारफूर तर 2014 मध्ये ठोकची दुकानं आवरून गेलीसुद्धा."

"मग आपल्या अमरावतीत वॉलमार्टचं एवढं मोठं दुकान होतं, ते?"

"बेस्ट प्राइस? ते ठोकचं नं! ठोकच्या धंद्यात परदेशी कंपनीला आधीपासून पूर्ण मोकळीक. फक्त धंदेवाल्यांना विकायचं, तुम्हाआम्हाला नाही. म्हणजे आपल्या काकांसारखेच त्यांचे गिऱ्हाईक. यात मेला मधला एजन्सीवाला. माझा भाऊ त्याच धंद्यात आहे म्हणून कळतं. यांनी दुकानोदुकानी सेल्समन पाठवायचा, माल पोचवायचा, वर पैशांसाठी पंधरा दिवस थांबायचं. आणि बेस्ट प्राइससारख्या मोठ्या गिऱ्हाइकाला माल बनवणारी कंपनी भाव पाडून देणार. 2022 च्या जानेवारीत आपल्या राज्यातल्या एजन्सीवाल्यांनी याच रागापायी कोलगेटचा काही माल दुकानांना द्यायचं थांबवलं होतं."

"बाई! म्हणजे टूथपेस्टवरून संप!"

"हसू नका. तोवर वॉलमार्टनं वाटही बदलली होती. 2018 मध्ये 16 अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा 77 टक्के वाटा घेतला. दारानं येता आलं नाही तर मोबाइलमधून आली. तुमच्या सुनेची खोकी येतात रोज, ती कुठली?"

"रोज कुठे, एक दिवसाआड. पण डीमार्ट तर आपलंच नं? परदेशी नाही."

"तेच म्हणते मी! पवईत 2002 साली पहिलं दुकान निघालं, अस्सल मुंबईचं. आणि जर्मनीच्या मेट्रो कंपनीनं वीस वर्षं काढून इथला ठोकचा धंदा रिलायन्सला विकला. आपण वाघ वाघ म्हणून परदेशाकडे बघत बसलो, काकांची यादी नेली ती घरच्यांनीच. डीमार्टच्या बहुतेक जागा स्वतःच्या, भाड्याची कटकट नाही. माल देणाऱ्याला पैसे चटकन मोकळे करतात, म्हणून तो भाव कमी लावतो. काकांनी चटकन पैसे कुठून द्यायचे? त्यांचं भांडवल सगळं वहीत."

"वहीत म्हणजे?"

"उधारीच्या वहीत! महिन्याचा किराणा आपण तिकडे लगेच पैसे देऊन भरतो, कार्ड घासून, हूं की चूं न करता. आणि पंचवीस तारखेला खिसा रिकामा झाला की काकांना म्हणतो, लिहून ठेवा. फुकट वापरायला मिळालेली बँकच ती."

"आमचं काही फार नाही हो. असतील हजार-बाराशे."

"दिवाळीपासूनचे?"

"…दिवाळीच्या आधीपासूनचे."

"मग वहिनी, पुढची यादी डीमार्टात टाका नाहीतर मोबाइलवर, तुमची मर्जी. पण भाजी चिरायच्या आधी तेवढे बाराशे काकांना देऊन या."