गच्ची सगळ्यांची, अनुदान बंगल्याचं

सात मजल्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याकडे विजेचा मीटर असतो, गच्ची नसते. सरकारची सौरयोजना मात्र गच्चीपासून सुरू होते, आणि माझी तक्रार तिथूनच आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. एक कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपये, महिन्याला ३०० युनिटपर्यंत मोफत वीज. बंगलेवाल्याला पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ७८,००० रुपये अनुदान. हाउसिंग सोसायटीला किलोवॉटमागे सरसकट १८,०००, तेही लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरापुरतं. बंगल्यातला फ्रिज या मदतीवर चालतो, माझा नाही. वन बीएचकेचे हप्ते फेडणाऱ्याला कमी आणि स्वतःची जमीन असलेल्याला जास्त, हे मला अजिबात पटत नाही.

बरं, सोसायटीने मनावर घेतलं तरी सर्वसाधारण सभेत ठराव अडतो. वरच्या मजल्यावरच्यांना गळतीची धास्ती असते आणि ती खोटी नाही. वॉटरप्रूफिंगला भोकं पाडली की पहिल्या पावसात त्यांचंच छत ओलं होतं. खालच्यांनी सोलर वॉटर हीटर भोगलेला असतो. सकाळी गरम पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरेस्तोवर बादलीभर गार पाणी वाया जातं. बोअरच्या पाण्याचे क्षार साचून नळ्या बुजतात, दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावर भांडणं होतात, आणि शेवटी सगळे गीझर लावतात. अशा माणसांनी नव्या पॅनेलला हात वर करावा कसा?

जागेचाही हिशेब जमत नाही. एका किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर बिनसावलीची जागा लागते. २८ फ्लॅटना तीन-तीन किलोवॉट द्यायचे तर ८४० चौरस मीटर हवेत. मजल्यावर चार फ्लॅट असलेल्या इमारतीची गच्ची बहुधा याच्या निम्मीही नसते, आणि त्यात पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली.

यावर उपाय आहे. प्रकल्प एका जागी उभारून त्याचे युनिट अनेक घरांच्या बिलांतून वजा करता येतात. याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. फ्लॅटवाल्यांना हीच सोय सरसकट हवी, बंगल्याच्याच दराने. गच्ची अपुरी पडेल तिथे शहराबाहेरच्या प्रकल्पात वाटा द्या आणि तो माझ्या मीटरच्या बिलात वजा दाखवा.