आरसा डावीकडे आहे, बाबा

आइंडहोवन,
रविवार, दुपार

ती. आई-बाबांना शि. सा. न.

बाबा, परवा फोनवर सायकलला आरसा लावल्याचं सांगितलं, तर "आता झिरमिळ्यापण लाव" म्हणून तुम्ही फोन आईकडे देऊन टाकलात. तेव्हा सगळं सविस्तर लिहूनच कळवते. नाहीतरी या आठवड्यात आमच्या घरी दुसरं काही घडलेलं नाही.

मूळ कारण माझी मान. ती आखडली आहे, हे आईला माहीत आहेच. मागे बघायला डावीकडे वळले की मानेबरोबर खांदा वळतो, खांद्याबरोबर हँडल, आणि जिच्यासाठी मागे बघायचं त्या गाडीच्या वाटेत मीच जाऊन उभी. म्हणून आरसा.

तुम्हाला हे सगळं थेर वाटणार, कारण पुण्यात मागचं कानानं दिसतं. लक्ष्मी रोडला मागून बस आली, रिक्षा आली की बुलेट, हे मान न वळवता कळतं. हॉर्नवरून मागच्याला किती घाई आहे आणि त्याचं घरी भांडण झालंय का, तेही कळतं. "आपण पुढे बघावं, मागच्याचं मागचा बघेल" हे तुमचं धोरण तिथे तीस-चाळीस वर्षं बिनतक्रार चाललं. स्कूटरचा आरसा कायम तुमच्या चेहऱ्याकडे वळवलेला असायचा आणि सिग्नलला भांग नीट व्हायचा.

इथे कान बेकार झालेत. हॉर्न कोणी वाजवत नाही आणि कितीतरी सायकलींना मोटर, तिचा आवाज नाही. त्यात वारा समोरून असला की कानात फक्त तोच. अशात डाव्या कोपरापाशी एकदम एक आजी उगवतात. सत्तरीच्या, ताठ बसलेल्या, पुढच्या टोपलीत पालेभाजी. एवढीशी 'ट्रिंग' करतात आणि ती माझ्या डोक्यात शिरेपर्यंत पुढच्या वळणावर दिसेनाशा होतात. त्यांच्या हँडलला मात्र आरसा असतो. इथे आरसा दिसतो तो बहुतेक या वयाच्या मंडळींकडे. आणखी एक जात आहे, ताशी ४५ पर्यंत पळणाऱ्या विजेच्या सायकलींची. कायद्याने त्या मोपेडमध्ये मोडतात. पिवळी पाटी, हेल्मेट आणि डावीकडचा आरसा, तिन्ही सक्तीचं. माझ्यासारख्या अधल्यामधल्या बाईने साध्या सायकलला आरसा लावला की ऑफिसातली पोरं तब्येतीची चौकशी करतात.

बसवला तुमच्या जावयाने, समीरने. मोबाइलवर कोन मोजून, सायकल दिवाणखान्यात स्टँडवर लावून, मला वर बसवून. शास्त्रशुद्ध काम! रस्त्यावर गेल्यावर त्यात माझं कोपर उत्तम दिसत होतं. शेवटी आमच्या सायकलवाल्याने आरसा अंगठ्याने जरा बाहेर ढकलला. बाहीची एक कड कोपऱ्यात दिसली पाहिजे, बाकी सगळा रस्ता, एवढंच त्याचं शास्त्र.

आता इथली वाहतूक उजवीकडून, त्यामुळे ओलांडणारा डावीकडून येतो आणि आरसाही डावीकडेच. पण जन्म सगळा उलट्या बाजूने गेलेला. मागे काही खुट्ट झालं की नजर आधी उजवीकडे जाते, तिथे कुंपण दिसतं, मग डावीकडे येते, तोवर जो यायचा तो जाऊन दिसेनासा झालेला. शिवाय आरसा बाहेरून फुगीर. दिसतं पुष्कळ, पण सगळं बारीक आणि लांब. मुंगीएवढा माणूस बघून "अजून वेळ आहे" म्हणावं, तर तो शेजारून "होई!" म्हणत जातो. त्यामुळे हल्ली किती मोठा दिसतो ते बघत नाही, किती भराभर मोठा होतोय ते बघते. विटांच्या रस्त्यावर तेही जमत नाही, आरसा थरथरतो आणि एका माणसाचे तीन होतात. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, मग तर मागे नुसता पांढरा ठिपका. सायकल जवळ आहे की मोटार लांब, काय कळणार?

ऑफिसच्या वाटेवर होव्हनरिंग लागतो. फोटो पाठवला होता ना, चौकाच्या वर अधांतरी टांगलेला सायकलींचा गोल पूल? २०१२ सालचा आहे. मधे ७० मीटरचा एकच खांब आणि त्याला २४ केबल्सनी सगळं रिंगण धरलेलं. खाली मोटारी, वर आम्ही. फिरताना आरशात केबलमागून केबल सरकत जाते, त्यातून मागचा सायकलवाला वेचून काढायचा. पुढे डावीकडे वळायला हात बाहेर काढला की माझ्याच रेनकोटाची बाही फडफडत आरशापुढे येते. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी पडदा! त्यामुळे वळायच्या आधी मान थोडी वळवावीच लागते. फिजिओथेरपिस्टबाई म्हणाल्या, तेवढा व्यायाम चांगलाच.

खरा फायदा वेगळाच झाला. ईशान माझ्या मागून शाळेत येतो. पहिल्या दिवशी आरशात बघते, तर स्वारी दोन्ही हात सोडून केळं सोलतेय. मी न वळता म्हटलं, "हात हँडलवर." चार दिवस त्याला आईच्या पाठीला डोळे आहेत असं वाटत होतं, म्हणून वागणूक सुधारली होती. आता कळलंय. आता आरशात जीभ दिसते.

बाबा, तुम्ही मे महिन्यात येताय, तर तुमच्यासाठी शेजाऱ्यांची जुनी सायकल मागून ठेवली आहे. तिला हँडलवर ब्रेक नाही, उगाच शोधू नका. पायडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. तुम्हाला उतारावर पायडल मागे फिरवत गाणं म्हणायची सवय आहे, म्हणून आधीच कळवते. पहिले दोन दिवस गल्लीतच चालवायची, कालव्याकडे अजिबात जायचं नाही.

आईला म्हणावं, गोडा मसाला दोन पाकिटांत भर, एकच मोठं नको.

तुमची,
मुग्धा

ता. क. समीर म्हणतो, बाबांच्या सायकलला आरसा लावू. भांगाचं काय ते तुमचं तुम्ही ठरवा.