उरलेले पंच्याऐंशी

आमच्या चिंचवडच्या सोसायटीतले नाना जिन्यात भेटले की "कसा आहेस?" असं विचारत नाहीत. "किती येतंय?" असं विचारतात. पाणी नव्हे, इंटरनेटचा स्पीड. "येतं बऱ्यापैकी" असं मोघम उत्तर दिलंत की संपलं. नाना तुमचा मोबाइल ताब्यात घेऊन तिथेच स्पीड टेस्ट लावतात आणि पेट्रोलपंपावरच्या पोराच्या थाटात म्हणतात, "झिरो बघून घे." काटा नव्वदीत अडखळला की त्यांचा चेहरा पडतो. इंटरनेट तुमचं, पण जीव त्यांचा तुटतो.

त्यांचा स्वतःचा प्लॅन शंभर एमबीपीएसचा, ४९९ रुपयांचा. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे. त्यातले ८२ पैसे नाना कधीही गाळत नाहीत. "वर्षाचे एकदम भरतो, दोन महिने फुकट दे," म्हणून केबलवाल्या पोराशी त्यांची घासाघीस दर दिवाळीत ठरलेली. वाटाघाटी फिसकटल्या की शिकवणी सुरू होते. "कंपनी बोलते बिटमध्ये, फाइल असते बाइटमध्ये. आठाने भाग. शंभराचे किती? साडेबारा!" पोराचा हा रोजचा धंदा, तरी तो मुकाट मान डोलावतो. नानींचा चहा चांगला असतो.

नानांना खरा घोर लागलाय तो वेगळाच. फोर-के चित्राला १५ एमबीपीएस पुरतात, असं नेटफ्लिक्सच सांगतं. "आपण घेतो शंभर. मग उरलेले पंच्याऐंशी जातात कुठे?" त्यांचा टीव्ही फोर-के नाही. नेटफ्लिक्सही नाही. पूर्वी बंगळुरूच्या मुलाचा पासवर्ड चालायचा. जुलै २०२३मध्ये 'एक खातं, एक घर' हा नियम भारतात लागू झाला, तेव्हा नाना भेटेल त्याला विचारत होते, "मुलगा नोकरीला बाहेर गेला म्हणजे घरातून गेला का रे?" याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

नानांनी एखादी मालिका शेवटपर्यंत पाहिल्याचं मात्र ऐकिवात नाही. ऐन खुनाच्या प्रसंगी चित्र जरा गोल गोल फिरलं की ते उठून राउटर उचलतात. फ्रीजवरून कपाटावर, कपाटावरून देव्हाऱ्याशेजारी. "पाच गिगाहर्ट्झ पळतो जोरात, पण भिंत आली की नांगी टाकतो." नानी कळवळून म्हणतात, "अहो, ती मेली की वाचली, एवढं तरी बघू द्या!"

१९ नोव्हेंबर २०२३ची विश्वचषक फायनल हॉटस्टारवर मोबाइलपुरती फुकट होती. फुकट म्हटल्यावर नानांनी मोबाइलपुढे भिंगाचा प्लॅस्टिक पडदा उभा केला आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं. बरोबर समोर बसलेल्याला रोहित शर्मा दिसत होता, कडेच्यांना नुसता निळा रंग. रोहितने मॅक्सवेलला चौकार मारला, आम्ही टाळ्या पिटल्या आणि त्याच क्षणी वरच्या मजल्यावरून, डिशवर मॅच बघणाऱ्यांकडून, "गेला रे!" असा टाहो आला. आम्ही सुन्न. नाना शांत. "थांबा. आपल्याकडे अजून खेळतोय." ते काही सेकंद नाना ज्या श्रद्धेने त्या भिंगाकडे बघत होते, ती श्रद्धा त्यांनी देवापुढेही कधी दाखवली नसेल. मग हेडने झेल घेतला. त्या सामन्यात एका वेळी ५.९ कोटी लोक हॉटस्टारवर होते, हे दुसऱ्या दिवशी कळल्यावर नाना म्हणाले, "तरी म्हटलं, आपल्यापर्यंत यायला उशीर का होतोय!"

रस्ता खणताना फायबर तुटून घरोघरी लाल दिवा लागला की सोसायटीला पहिले नानाच आठवतात. टोपी घालून ते जांभळाच्या झाडावरून गेलेल्या वायरीचा माग काढत निघतात, जोडणाऱ्याच्या डोक्यावर उभे राहतात आणि जोडून झालं की घरोघरी विचारून येतात, "किती येतंय?"

परवा त्यांनी राउटरचं ॲप उघडून दाखवलं. अकरा उपकरणं जोडलेली. कोणी पासवर्ड चोरला की काय, असं मला वाटलं. नाना बोट ठेवून सांगू लागले, "हा वॉचमनच्या पोरीचा फोन, बारावीला आहे, खाली पायरीवर बसते. हा दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू पोरांचा लॅपटॉप. हा इस्त्रीवाला, त्याला भजनं लागतात..."

"नाना, मग उरलेले पंच्याऐंशी कुठे जातात ते तुम्हाला ठाऊक आहे की!"

नाना माझ्याकडे ढ विद्यार्थ्याकडे बघावं तसे बघत राहिले.

"अरे, हे सगळे मिळून तीस-पस्तीस झाले. बाकीचे?"