ॲक्चुअली भाऊ

रेल्वेतून रिटायर झालेली माणसं भुसावळात पुष्कळ, आणि त्यांच्या प्रत्येक कट्ट्यावर एक तरी ॲक्चुअली भाऊ असतोच. शर्ट कडक इस्त्रीचा, खिशात दोन पेनं आणि तोंड उघडताच 'ॲक्चुअली'. नोकरीत साहेब कधी मद्रासचे, कधी बंगालचे. त्यांच्याशी बोलता बोलता शब्द अंगवळणी पडला. साहेब बदलून गेले, शब्द भाऊंकडेच राहिला.

इंग्रजीत तो समोरच्याची समजूत खोडायला येतो: तुम्हाला वाटतं तसं नाही, खरं असं आहे. भाऊंकडे तो खरं सांगायचं नसलं की येतो.

"भाऊ, उसने पैसे?"

"ॲक्चुअली काय झालं ना भो, पेन्शन झाली जमा, पण पासबुक भरायचं राहिलं!"

"लग्नाला दिसले नाही?"

"ॲक्चुअली निघालोच होतो, पण गाडी लेट."

लग्न शेजारच्या गल्लीत होतं. फ्रेंचमध्ये याच शब्दाच्या चुलतभावाचा अर्थ 'सध्या' असा होतो. भाऊंचा ओढा तिकडेच असावा. ते सांगतात ते सध्यापुरतं खरं असतं.

गाव रेल्वेचं, त्यामुळे कट्ट्यानं यावर रेल्वेचाच तोडगा काढला. सिग्नलला दोन पिवळे दिवे दिसले की ड्रायव्हर वेग आवरायच्या तयारीला लागतो; भाऊंचं 'ॲक्चुअली' ऐकलं की आम्हीही. उलट 1867 साली लाइन नागपूरला पोचली, 1870 साली जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता जोडली गेली, हे भाऊ एका दमात सांगतात. त्यात 'ॲक्चुअली' नसतं, म्हणून तारखा कोणी तपासत नाही.

हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी झाली. बामणोदची वांगी, कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली. हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, सोबत कळण्याच्या पुऱ्या. पहिला घास घेऊन भाऊ म्हणाले, "एक नंबर!" नुसतं एक नंबर. भरीत करणाऱ्या आबांचा चेहरा असा फुलला, की त्यांनी न मागता भाऊंच्या ताटात आणखी दोन पळ्या वाढल्या.

जेवणं उरकली. वर्गणीची वही फिरत फिरत भाऊंपाशी आली. भाऊंनी खिसा चाचपला, घसा खाकरला आणि म्हणाले, "ॲक्चुअली..."

वाक्य पुरं व्हायच्या आत चौघांनी आपापली पाकिटं काढली.