ट्रॉलीची हवा

गळीत हंगाम सुरू झाला की शिरोळ-कागलकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. त्यावरची गाणी किती मोठ्यानं लावायची, याबाबत चालकांमध्ये पूर्ण एकमत आहे. मागच्या दोन ट्रॉल्यांच्या टायरांत हवा किती ठेवायची, यावर मात्र जितकी स्टिअरिंगं तितकी मतं.

पंक्चरच्या दुकानात जरा टेकलं की हे शास्त्र आपोआप कानावर पडतं.

"मालक, किती मारू?"

"मार की टाईट."

मीटर असतो, नाही असं नाही. तडकलेल्या काचेसह तो खिळ्याला टांगलेला असतो. हवा भरून झाली की चालक टॉमीनं टायर ठोकतो, तबलजीनं हातोडीनं गठ्ठे ठोकत कान लावावा तसा कान लावतो आणि मान डोलावतो. अडचण एवढीच, की ठोकून चपटा टायर कळतो. 50 आणि 70 पीएसआयमधला फरक भल्याभल्यांना कळत नाही.

आपल्याला वाटतं ओझं टायर वाहतो. खरं तर बहुतेक भार आतली हवा पेलते. रबर तिला फक्त धरून ठेवतं. हिशेब ढोबळ, पण मजेशीर आहे. एका चाकावर अडीच टन आले आणि हवा 70 पीएसआय असली, तर टायर जमिनीला साधारण 79 चौरस इंच टेकतो, म्हणजे ए-फोर कागदापेक्षाही कमी जागेत. हवा निम्मी केली की टेकणारी जागा जवळजवळ दुप्पट होते, टायरच्या कुशी प्रत्येक फेऱ्याला दुमडतात, उलगडतात, तापतात आणि एखाद्या चढावर सगळ्या गावाला ऐकू जाईल असा बार होतो. हवा फाजील झाली तर टायर मधल्या पट्ट्यावर झिजतो आणि प्रत्येक खड्डा थेट ट्रॉलीच्या सांगाड्यापर्यंत पोचवतो. टायरच्या कुशीवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तीही थंड टायरची. धावून तापलेल्या टायरात आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडणारे महाभाग आहेत. सकाळी तोच टायर बसलेला असतो.

खरी पंचाईत फडात होते. पाणी देऊन चार दिवस झालेल्या रानात टायर पसरट हवा, म्हणजे हवा कमी हवी. नाहीतर चाक रुततं आणि ट्रॉली बाहेर काढायला दुसरा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकांत शेतकामाला 12-14 पीएसआय पुरते, वर पकड यावी म्हणून कुणी ट्यूबमध्ये पाणीही भरतात. पण फडाचा बांध ओलांडून डांबरीवर आलं की त्याच चाकांना जास्त हवा लागते, कारण दोनचाकी ट्रॉलीचं काही ओझं हुकावर, म्हणजे ट्रॅक्टरच्या पाठीवर बसतं. युरोपात चालत्या ट्रॅक्टरवर बसल्याबसल्या हवा कमी-जास्त करायची सोय मिळते. आपल्याकडे त्या जागी चौकातला कंप्रेसर आहे, आणि तो फडापासून तीन किलोमीटरवर असतो. मग चालक मधला काहीतरी आकडा धरतो, जो फडालाही पसंत नसतो आणि रस्त्यालाही.

चढावर मागं इतकं ओझं होतं, की पुढची चाकं उचलली जातात आणि स्टिअरिंग नुसतं हातात राहतं. त्यावर उपाय म्हणून पुढच्या बंपरवर दोन माणसं बसलेली मी पाहिली आहेत. पुढच्या टायरांत हवा किती, हा प्रश्न त्या वेळी कुणालाही पडत नाही, आणि बसणाऱ्यांना तर अजिबातच नाही.

हवा ओझ्यावर ठरवावी, हे पुस्तकात बरोबर आहे. पण मोळ्या रचताना टनांचा अंदाज फक्त डोळ्यांनी होतो. दोन ट्रॉल्यांत वीस टन बसलेत की चोवीस, हे कारखान्याच्या काट्यावर कळतं, म्हणजे सगळा रस्ता संपल्यावर. तिथून गव्हाणीवर ऊस उतरला की रिकाम्या ट्रॉल्या त्याच हवेवर टणाटण उडत माघारी निघतात. आता नियमानं हवा उतरवायला हवी. पण फडात टोळी खोळंबलेली असते, पुढची खेप भरायची असते, आणि तीन तासांनी पुन्हा तेवढीच हवा लागणार असते. चालकाच्या बाजूनं बघितलं तर त्याचं काही चुकतंय असं म्हणवत नाही.