२५ ‘ते’ ४००

पुतण्याने घनसावंगीच्या रानात बोअर घेतला, तो फेल गेला. पण मशीन फुफाटा उडवतंय, आजी हात जोडून उभी आहे आणि पाणाड्या नारळ सांभाळत बांधावरून गुपचूप सटकतोय, असा तीन मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबवर गेला आणि लाखाला पोचला. पाणी लागलं असतं तर हजारही व्ह्यू आले नसते.

त्या रात्रीपासून घरात एकच प्रश्न : किती आले? कुणीतरी मोबाइलवर कमाईचा अंदाज सांगणारं यंत्र काढलं. लाख व्ह्यू टाकले. उत्तर आलं : २५ ते ४०० डॉलर.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हजार व्ह्यूला पाव डॉलर धरला तर पंचवीस, चार डॉलर धरले तर चारशे. गणित चोख आहे. फक्त मधे एक ‘ते’ बसलाय आणि तो सोळापट रुंद आहे. मोसंबीचा व्यापारी बांधावर उभा राहून म्हणाला, ‘या बागेत दोन ते बत्तीस टन माल निघेल,’ तर त्याला चहासुद्धा मिळणार नाही. पाणाड्याने ‘अडीचशे ते चार हजार फुटांवर पाणी आहे’ असं सांगितलं, तर आजी तो नारळ त्याच्याच डोक्यात फोडेल. ‘मुलगा उंचीला पाच ते ऐंशी फूट आहे’ असं म्हणणाऱ्या मध्यस्थाला दुसऱ्या दिवशी गावात कुणी उभं करणार नाही. पण हाच अंदाज मोबाइलवर आला की आमच्या घरातली सगळी शहाणी माणसं माना डोलावतात. शिवाय जो तो त्या ‘ते’च्या सोयीच्या टोकाला जाऊन बसतो. भावाने मुलाच्या लग्नाच्या बायोडाटात महिना पस्तीस हजार लिहिले, पुढे ‘वाढतं उत्पन्न’. तोच भाऊ तहसीलला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेला तेव्हा पंचविसाचा धनी होता. वहिनी फ्रीज चारशेत बघते आणि बचत गटाचा हप्ता पंचविसात देते.

खरा आकडा चॅनेलच्या आतल्या पानावर होता : ११ डॉलर ४० सेंट. म्हणजे ‘ते’च्याही अलीकडे! जाहिरातीतला वाटा मिळायला लागणारे १,००० सबस्क्राइबर आणि वर्षातले बघण्याचे ४,००० तास भरायला सगळी भावकी मोबाइल चालू ठेवून झोपली होती, त्याचं हे फळ. प्रत्येक व्ह्यूला जाहिरात लागत नाही. लागली तरी अमेरिकेतल्या माणसाला दाखवण्याचा भाव वेगळा, अंबडच्या पारावर बसलेल्याला दाखवण्याचा वेगळा. जे येईल त्यातले शंभराला ५५ पुतण्याचे, ४५ कंपनीचे. आणि त्या अकरा डॉलरपुढेही ‘अंदाजे’ लिहिलेलं होतं. पक्का आकडा पुढच्या महिन्यात.

आधी अंदाजे, मग पक्का! हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं. आमच्या पिकाची पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी आकडा, अशीच निघते : आधी नजरअंदाज, मग अंतिम. पण तिथं हा दिलदार ‘ते’ कुठं मरतो? चार खुंट्या ठोकून दहा बाय दहा मीटरचे तुकडे कापतात, तोलतात आणि अख्ख्या गावाच्या कपाळी एक आकडा मारतात : ५१. पन्नासच्या खाली गाव टंचाईतलं, वर गाव मजेतलं. ‘४ ते ६४ पैसे’ असं लिहा की एकदा, आम्ही खालचं टोक धरतो! नाही लिहिणार. शेतकऱ्याचं नुकसान मोजायचं असलं की पैसा इकडचा तिकडे सरकत नाही, आणि त्याच्या पोराला स्वप्न विकायचं असलं की माप सोळापट सैल. त्या अंदाजाच्या यंत्राभोवती चारही बाजूंनी जाहिराती आहेत. पुतण्या दिवसातून चाळीस वेळा तिथं डोकावतो. त्या चाळीस चकरांचे पैसे यंत्रवाल्याला मिळतात. त्याच्या कमाईत ‘ते’ नाही.

यूट्यूबवर शंभर डॉलर भरल्याशिवाय दमडी हातात येत नाही. या दराने आणखी आठ बोअर फेल जायला हवेत. मात्र दहा डॉलर ओलांडले की पत्ता तपासायला पोस्टाने एक पाकीट येतं, ते परवा आलं. भावाने फोडलं. आत सहा आकडे. दुपारपर्यंत पारावर बातमी होती, पोराचे सहा आकडी आले. मी समजावलं, ‘अरे, हे पैसे नाहीत, हा पिन नंबर आहे.’

भाऊ म्हणाला, ‘असू दे. पारावर बोलू नकोस. बायोडाटा दुरुस्त करून छापायला दिलाय.’