संकेतार्थी भक्त

व्याकरणकारांनी क्रियापदाचे जे चार अर्थ सांगितले आहेत, त्यांपैकी स्वार्थावर आणि आज्ञार्थावर जगणारी माणसे जगात उदंड आहेत. परंतु ज्याचा सारा प्रपंच केवळ संकेतार्थावर चालावा, असा मनुष्य मी लिव्हरपुलात डॉक्टरीच्या नोकरीत असताना कुंपणापलीकडेच पाहिला. गोदीतून निवृत्त झालेले हे वृद्ध गृहस्थ लिव्हरपूल फुटबॉल संघाच्या ॲनफील्ड मैदानातील कॉप सज्जाचे जणू पिढीजात वतनदार, आणि केनी डॅल्ग्लिश हे त्यांचे कुलदैवत. खेळाडू असतानाच व्यवस्थापकाची वस्त्रे धारण करून १९८६ साली लीग व एफ.ए. कप एकाच हंगामात जिंकणाऱ्या, आणि पुढे १९८८ व १९९० साली पुन्हा लीग पटकावणाऱ्या या ‘राजा केनी’ने फेब्रुवारी १९९१ मध्ये अकस्मात राजीनामा दिला, तेव्हापासून वीस वर्षे प्रत्येक पराभवाचा निकाल आमचे शेजारी एकाच वाक्यात देत: “केनी असता तर!” या निकालावर अपील चालत नसे.

जानेवारी २०११ मध्ये साक्षात केनीच पुनश्च गादीवर आला. बाराव्या क्रमांकावर रुतलेला संघ मे महिन्यापर्यंत सहावा झाला, आणि वृद्धांची चालण्याची काठी अडगळीत पडली. पुढल्या हंगामात मात्र दैवताने नवस सगळे घेतले आणि कौल डावा दिला. पस्तीस दशलक्ष पौंडांना घेतलेल्या अँडी कॅरोलचे गोल त्या रकमेच्या व्याजालाही पुरेनात. स्ट्युअर्ट डाउनिंगने तर लीगमध्ये गोलाचे खाते उघडलेच नाही. आणि घरच्या मैदानावर एकोणीस लीग सामन्यांपैकी विजय अवघे सहा! कार्डिफविरुद्ध पेनल्टींवर जिंकलेला लीग कप घरी आला खरा, पण लीगमध्ये संघ आठवा.

या काळात शेजाऱ्यांनी आरोपींच्या पिंजऱ्यात पंचांना, गवताला, मर्सी नदीवरून येणाऱ्या वाऱ्याला, इतकेच काय, गोलाच्या निर्जीव खांबांनाही उभे केले. राजाचे नाव मात्र फिर्यादीत कोठेही येऊ दिले नाही. परंतु एका बरोबरीच्या सामन्यानंतर कुंपणाशी येऊन ते खालच्या आवाजात म्हणाले, “डॉक्टर, पूर्वी हरलो तरी बोलायला काहीतरी असे.” त्यांचे खरे दुःख मला तेव्हा उमगले: पराभव त्यांनी आयुष्यात पुष्कळ पचवले होते, पण वीस वर्षे सांभाळलेली त्यांची ‘असता तर’ची इनामजमीन प्रत्यक्ष राजानेच परत येऊन खालसा केली होती.

मे २०१२ मध्ये संघाच्या बॉस्टनच्या मालकांनी केनीला बडतर्फ केले. घरात सुतक असेल या समजुतीने मी चेहरा पुरेसा लांब करून समाचाराला गेलो, तर वृद्ध खुर्चीत ताठ बसून चहात बिस्किट बुडवीत होते. कित्येक महिन्यांत न दिसलेले तेज त्यांच्या मुद्रेवर झळकत होते. मला बसायची खूण करून, बिस्किट संपल्यावर, न्यायाधीशाच्या गांभीर्याने ते म्हणाले, “डॉक्टर, त्याला आणखी एकच वर्ष दिले असते तर!”